जंगलातली डबाशोध सहल: सहकुटुंब जिओकॅशिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिअ‍ॅटलच्या पूर्वेला बेलव्ह्यू, रेडमंड, समामिश, इसाक्वा या भागात राहणारी आम्ही काही मराठी कुटुंबं सुट्टीच्या दिवशी जंगलात जिओकॅशिंगला जातो. बरोबर मुलं असतात, मित्रमंडळी असतात, उन्हाळ्यात भारतातून आलेले आजी-आजोबा असतात. नवीन येणाऱ्यांचे प्रश्न बरेचसे सारखे असतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहिली आहेत. पहिल्यांदा येण्याआधी एवढं वाचून या.

जिओकॅशिंग म्हणजे नक्की काय करायचं?

कुणीतरी एक डबा लपवून त्या जागेचे अक्षांश-रेखांश जिओकॅशिंगच्या संकेतस्थळावर नोंदवलेले असतात. आपण फोनवर ते बघत तिथे पोचायचं, डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तिथे, होता तसा ठेवून यायचं. घरी आल्यावर अ‍ॅपमध्येही नोंद करायची. जगभरात असे तीस लाखांहून जास्त डबे आहेत. डबा जमिनीत पुरलेला नसतो, तसा नियमच आहे. त्यामुळे कुदळ-फावडं काही लागत नाही आणि कुठे खणायचंही नाही.

हे सुरू कुठे झालं?

आपल्या शेजारच्या राज्यात! मे २००० पर्यंत अमेरिकी सरकार जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम चूक घालत असे, त्यामुळे साध्या यंत्रावर शंभर मीटरपर्यंत फरक पडायचा. अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने १ मेच्या रात्री ही चूक काढून टाकली गेली आणि यंत्रं एका रात्रीत सुमारे दहापट अचूक झाली. ही अचूकता खरंच किती आहे ते पाहावं म्हणून ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ओरेगनमध्ये, पोर्टलंडच्या आग्नेयेला बीव्हरक्रीकजवळच्या झाडीत एक बादली ठेवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर जाहीर केले. आत पुस्तकं, सॉफ्टवेअर, एक गलोल आणि घेवड्याच्या शिजवलेल्या दाण्यांचा एक डबा होता. नियम एवढाच होता: काही घ्या, काही ठेवा, वहीत लिहा. तीन दिवसांत दोघांना ती सापडलीसुद्धा. पहिले होते माइक टीग.

त्याच वर्षी २ सप्टेंबरला जेरेमी आयरिश यांनी संकेतस्थळ सुरू केलं, तेव्हा साऱ्या जगात मिळून ७५ डबे होते. आज या खेळाचं मुख्यालय सिअ‍ॅटलच्या फ्रीमाँट भागात आहे. म्हणजे आपण ज्या भागात राहतो तिथल्या मातीतलाच हा खेळ आहे, आणि इथे राहून तो न खेळणं मला खरोखर हळहळ वाटण्यासारखं वाटतं.

खास यंत्र विकत घ्यावं लागतं का? खर्च किती?

नाही. फोन पुरतो, खातं फुकट उघडता येतं. फुकट खात्यात अधिकृत अ‍ॅपवर मुख्यतः सोपे डबे दिसतात, आणि पहिले काही महिने तेवढेच भरपूर आहेत. गोडी लागली की मग पैसे भरून सभासद व्हायचं की नाही ते ठरवा. अँड्रॉइडवर सी:जिओ नावाचं एक मोफत अ‍ॅपही आहे.

हातात धरायचं वेगळं जीपीएस यंत्र पावसात आणि थंडीत फोनपेक्षा चिवट ठरतं, बॅटरीही जास्त टिकते. पण त्यासाठी आधी खर्च करू नका. तो पैसा मुलांच्या चांगल्या बुटांवर घाला.

निघण्याआधी घरच्या वायफायवर नकाशा आणि डब्याची माहिती फोनमध्ये उतरवून घ्या. टायगर माउंटनच्या उतारावर गेलात की फोनची रेंज जाते, जीपीएस मात्र चालू राहतं.

पहिल्या सहलीसाठी डबा कसा निवडायचा?

प्रत्येक डब्याला दोन आकडे असतात. एक शोधण्याच्या अवघडपणाचा, दुसरा वाटेच्या अवघडपणाचा. दोन्ही १ ते ५ पर्यंत, अर्ध्या-अर्ध्याच्या पायरीने. पहिल्या दिवशी दोन्ही आकडे दोनच्या आत ठेवा. वाटेचा आकडा १ असेल तर चाकाची खुर्चीही तिथवर जाऊ शकते. ५ असेल तर दोर, होडी असं काहीतरी लागणार.

त्याहून महत्त्वाचा डब्याचा आकार. ‘मायक्रो’ म्हणजे जुन्या कॅमेऱ्याच्या रिळाच्या डबीएवढा किंवा त्याहून लहान. आत वहीची बारीक गुंडाळी असते, बाकी काही मावत नाही. मुलांना घेऊन जाताय तर ‘स्मॉल’ किंवा ‘रेग्युलर’ निवडा. त्यात खेळणी असतात, आणि पाच वर्षांच्या मुलासाठी सगळी गंमत त्यातच असते. मग शेवटच्या नोंदी वाचा. गेल्या महिन्याभरात कुणाला सापडला असेल तर तो जागेवर आहे असं धरायला हरकत नाही. शेवटच्या तिन्ही नोंदी ‘सापडला नाही’ अशा असतील तर त्या वाटेला जाऊ नका.

जागेचं म्हणाल तर कूगर माउंटन हे आमचं आवडतं जंगल. ते काउंटीचं असल्याने गाडी लावायला पास लागत नाही. तिथे एकेकाळी कोळशाच्या खाणी होत्या आणि शीतयुद्धाच्या काळात क्षेपणास्त्रांचा तळही होता, त्यामुळे मोठ्या मुलांना सांगायला गोष्टी भरपूर. पण जुन्या खाणींची तोंडं आणि खचलेले खड्डे अजून आहेत, म्हणून कुंपणाच्या किंवा धोक्याच्या पाटीच्या पलीकडे फोनवरचा दिशा दाखवणारा बाण कितीही खुणावत असला तरी जायचं नाही. टायगर माउंटनच्या पायथ्याला ट्रॅडिशन तलावाभोवतीची वाट बरीचशी सपाट आहे, आणि जवळच्याच एका वाटेवर एक जुनी मोडकी बस आडवी पडली आहे, शेवाळ्याने भरलेली. मुलं तिथून हलत नाहीत. तिथे गाडी लावायला मात्र राज्याचा डिस्कव्हर पास हवा.

फोन म्हणतो पोचलात, पण तिथे नुसती झाडंच झाडं. आता?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि खरा खेळ इथूनच सुरू होतो.

आधी हे लक्षात घ्या की मोकळ्या आकाशाखाली फोन तीन ते पाच मीटरपर्यंत नेमका असतो. डग्लस फर आणि सीडरच्या ओल्या, गच्च छताखाली तोच फोन दहा मीटर इकडेतिकडे करतो. ज्याने डबा लपवला त्याच्या यंत्रातही तेवढाच फरक असू शकतो. म्हणजे शोधायची जागा एक बिंदू नसते, चांगल्या ऐसपैस अंगणाएवढं वर्तुळ असतं. दहा मीटरच्या आत आल्यावर बाण नाचायला लागला की फोन खिशात टाका. तिथून पुढे डोळ्यांचं काम.

आकडे हाताने भरले असतील तर एकदा तपासा. मिनिटांच्या दशांशानंतरचा तिसरा आकडा चुकला तर उत्तर-दक्षिण फरक दोनेक मीटरचा पडतो, पहिला आकडा चुकला तर सुमारे १८५ मीटरचा.

मग उभं राहून विचार करा: मी असतो तर कुठे लपवला असता? जंगल आपली काटक्या-पानं कशीही टाकतं. माणूस मात्र नीट रचतो. सीडरच्या बुंध्याशी पाच-सहा काटक्या एकाच दिशेला, एकीला एक लागून ठेवल्यासारख्या दिसल्या, सालीचा तुकडा बुंध्याला टेकवलेला दिसला, कुजलेल्या खोडाच्या पोकळीच्या तोंडाशीच एक दगड दिसला, की तिथे बघायचं. स्वोर्ड फर्नचा झुपका दोन्ही हातांनी हलकेच बाजूला करून मुळाशी बघा. झुपका उपटायचा नाही, पातं तोडायचं नाही. फांदीवर, डोळ्यांच्या पातळीलाही बघा, कारण सगळे खालीच बघतात.

वीस मिनिटं झाली की डब्याच्या माहितीत दिलेली सूचना उघडा. ती सांकेतिक लिपीत असते: प्रत्येक इंग्रजी अक्षराच्या जागी तेरा घरं पुढचं अक्षर, ए च्या जागी एन, बी च्या जागी ओ. अ‍ॅपमध्ये बोट लावलं की उलगडते. पण आठ-दहा वर्षांची मुलं असतील तर त्यांना कागद-पेन्सिल देऊन सोडवायला लावा. एवढ्यात मोठ्यांचा चहा होतो.

आमची मुलं दहा मिनिटं चालली की कुरकुर सुरू करतात. टिकतील का?

टिकतील, पण एका अटीवर. फोन मुलांच्या हातात द्या आणि आपण मागे चाला.

बहुतेक घरांत उलटं चालतं. बाबा फोन धरून पुढे आणि मुलं मागून ‘अजून किती?’ विचारत. फोन मुलीच्या हातात गेला की तो प्रश्न बंदच होतो, कारण अजून किती ते तिलाच ठाऊक असतं. ‘दोनशे चाळीस मीटर! आता डावीकडे!’ असं ती ओरडून सांगते आणि पळते. वाट चुकली तर लगेच दुरुस्त करू नका. धोका नसेल तर शंभर पावलं चुकू द्या. अंतर वाढताना दिसलं की ती स्वतःच थांबते.

चार वर्षांखालच्या मुलांना बाण वगैरे कळत नाही. त्यांना वाटेत दुसरी शोधाशोध द्या: पिवळा बनाना स्लग (बिनशंखाची गोगलगाय), सुतारपक्ष्याने पाडलेली भोकं, लाल हकलबेरी. बेरी बघायच्या. खायच्या त्या फक्त मोठ्यांना खात्रीने ओळखता येत असतील तरच.

एका सहलीत दोन डबे पुरेत. काही लोक दिवसाला पन्नास करतात, त्यांची हौस त्यांना लखलाभ. मुलांना घेऊन आकड्यांमागे लागलं की जंगल नुसतं पायाखालून जातं.

पाच-सहा कुटुंबं एकत्र आली तर एकालाच डबा सापडतो आणि बाकीची मुलं हिरमुसतात. काय करता?

यावर एक छान तोड आहे. डबा दिसला की ओरडायचं नाही, हात लावायचा नाही, त्याच्याकडे बघायचंही नाही. मुकाट्याने लांब जाऊन बसायचं आणि एवढंच म्हणायचं, ‘धप्पा!’ बाकीचे शोधत राहतात. ज्याला दिसेल तो येऊन शेजारी बसतो. शेवटी एकदोघं उरतात तेव्हा बसलेली मुलं ‘गरम, गरम, थंड’ करून मदत करतात. डबा उघडायचा मान शेवटी आलेल्याचा. हे शेवटचं आम्ही आवर्जून पाळतो, कारण त्यामुळे सर्वात धाकट्याला वाट बघितल्याचं काहीतरी मिळतं.

माणसं मात्र एका जागी फार नकोत. बारा-चौदाजण एका झाडाभोवती फिरले की जमीन तुडवली जाते. संख्या मोठी असेल तर दोन गट करा, दोन वेगळे डबे घ्या आणि जेवायला एकत्र भेटा.

आईबाबा भारतातून आले आहेत. त्यांना झेपेल का?

झेपेल, आणि त्यांना घेऊनच या. सहा महिने इथे राहणाऱ्या आजी-आजोबांचे दिवस बहुतेक घरात आणि शनिवार दुकानांत जातात. नातवंडांबरोबर करण्यासारखं, ज्यात भाषेची अडचण नाही आणि त्यांचा खरा उपयोग आहे, असं इथे फार थोडं असतं. शेताबांधावर वाढलेल्या माणसाची नजर वेगळीच तयार झालेली असते. कुठली फांदी आपसूक पडली आणि कुठली कुणी ठेवली हे आमच्यातल्या एका आजींना दुरून कळतं. मुलं आता वाद घालत नाहीत, सरळ त्यांनाच विचारतात, ‘आजी, कुठे बघू?’

वाटेचा आकडा दीडच्या आत ठेवा. हातात काठी द्या, साडी किंवा धोतराऐवजी पायात अडकणार नाही असं काहीतरी घालायला सांगा. ओल्या लाकडी फळ्यांचे पूल फार निसरडे असतात, तिथे हात धरा. गुडघे दुखत असतील तर वाटेत बाक असलेली बाग निवडा. शौचालय कुठे आहे हे आधी बघून ठेवा. संकोचाने कुणी विचारत नाही, आणि मग पाणी न पिता चालतात.

डब्यात जे असेल ते मुलांनी घेतलं तर चालतं का?

चालतं, पण घेतलं तर तेवढ्याच किंवा थोड्या चांगल्या मोलाचं काहीतरी ठेवायचं. निघतानाच प्रत्येक मुलाला एक-दोन वस्तू खिशात घालून आणायला सांगा. आमची मुलं छोटे आकाशकंदील करतात, लाकडी भोवरे ठेवतात, कवड्या ठेवतात. पुढे नोंदींत कुणी अनोळखी माणूस लिहितो की माझ्या मुलाने तो भोवरा घेतला, तेव्हा घरात जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो.

खाण्याचं काहीही ठेवायचं नाही. लाडू नाही, चॉकलेट नाही, च्युइंगमसुद्धा नाही. अस्वलाला आणि रॅकूनला हवाबंद डब्यातलाही वास येतो आणि डबा फोडला जातो. अत्तर, उदबत्ती, हळद-कुंकू यांचंही तेच. बिया ठेवू नका, परक्या जागी काय रुजेल सांगता येत नाही. चाकू, काडेपेटी, दारू, औषधं यांना नियमानेच बंदी आहे.

एका वस्तूला पत्र्याचा बिल्ला होता, त्यावर आकडे होते. तो घ्यायचा का?

तो ‘ट्रॅव्हल बग’. ती अदलाबदलीची वस्तू नाही, प्रवासी आहे. मालकाने तिला एखादं ध्येय दिलेलं असतं, जसं की ‘मला समुद्रापर्यंत न्या’. आपण एका डब्यातून घेऊन पुढच्या डब्यात ठेवायची आणि क्रमांक टाकून नोंद करायची. पुढे नेणं जमणार नसेल तर घेऊ नका. असा एक बग आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकापर्यंत गेला आहे, आणि मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स यानावरही नोंद करता येईल असा एक क्रमांक आहे.

तासभर शोधूनही सापडला नाही तर?

‘सापडला नाही’ अशी नोंद करा. बरेच लोक कमीपणा वाटून ती करत नाहीत, पण डब्याच्या मालकाला सर्वात उपयोगी नोंद तीच असते. त्यावरूनच त्याला कळतं की डबा बहुधा गेला, जाऊन बघायला हवं. मुलांनाही ती नोंद करायला लावा. सापडला नसताना ‘सापडला’ लिहिणं किंवा डबा गेलाच असं समजून तिथे आपल्या मनाने दुसरा ठेवणं, दोन्ही करायचं नाही.

नोंद लिहिताना ‘छान होतं, धन्यवाद’ एवढ्यावर सोडू नका. वाट कशी होती, कोण बरोबर होतं, पाऊस होता का, ते लिहा. मालक लांब कुठेतरी बसून ते वाचत असतो आणि डबा लपवण्याबद्दल त्याला मिळणारं मोल तेवढंच. फक्त डबा नेमका कुठे आहे ते उघड करू नका, आणि मुलांची पूर्ण नावं, शाळा, चेहऱ्याचे फोटो सार्वजनिक नोंदीत टाकू नका. कुटुंबासाठी एकच टोपणनाव घ्या.

वही भिजलेली होती, पेन चाललंच नाही.

पेन्सिल न्या. ओल्या कागदावर बॉलपेन रुसतं, पेन्सिल चालते. शेजारच्या टकोमा शहरात पावसात लिहिता येणारा कागद तयार होतो, ‘राइट इन द रेन’ नावाचा. बहुतेक चांगल्या डब्यांत तोच असतो. मायक्रोमधली गुंडाळी काढायला चिमटा लागतो. तो पिशवीत कायमचाच ठेवा. आणि झाकण लावण्याआधी कडेचं रबर पुसा. त्यावर मातीचा एक कण किंवा पिशवीची कड अडकली की पहिल्याच पावसात पाणी आत जातं.

अस्वलं, कूगर (इथला पहाडी सिंह) यांची भीती नाही का?

दोन्ही या जंगलांत आहेत, सहसा दिसत नाहीत. बोलत, गात चाला, मुलांना नजरेआड पळू देऊ नका. काळं अस्वल दिसलं तर शांतपणे बोलत मागे सरका. कूगर दिसला तर लहान मुलांना उचलून घ्या, त्याच्याकडे तोंड करून उभे राहा, हात-जॅकेट वर करून मोठे दिसा, ओरडा. पळायचं कधीच नाही, आणि अंगावर आलाच तर प्रतिकार करायचा.

खरा त्रास होतो तो लहान जीवांचा. ऑगस्ट-सप्टेंबरात ‘यलोजॅकेट’ गांधीलमाश्यांची पोळी जमिनीत आणि कुजक्या खोडांत ऐन भरात असतात, म्हणजे नेमकी आपण हात घालतो तिथेच. पोकळीत हात घालण्याआधी मिनिटभर थांबून माश्यांची ये-जा बघा, मग काठीने चाचपा. वसंतात ओढ्याकाठी नेटल वाढते, सह्याद्रीतल्या आग्याची बहीणच ती. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. डेव्हिल्स क्लब या झुडपाचे काटे पानांखालीही असतात. घरी आल्यावर मुलांच्या मानेवर, कानांमागे, गुडघ्यांमागे गोचीड आहे का बघा.

हिवाळ्यात, पावसात येता का?

येतो. इथे पाऊस थांबायची वाट बघत बसलं तर ऑक्टोबर ते मे घरातच जाईल. पण डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळतो, आणि दाट झाडीत अंधार त्याच्याही आधी होतो. म्हणून सकाळीच निघा आणि डोक्याला लावायचा दिवा प्रत्येकाकडे ठेवा. सुती कपडे नकोत, भिजले की अंग गारठतं. जोराचा वारा असेल त्या दिवशी मात्र सहल रद्द. ओल्या जमिनीत मोठाली झाडं मुळासकट उलथतात.

खायला काय न्यावं?

तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, कोरडी चटणी, भडंग, थर्मासमध्ये चहा. खाऊन झाल्यावर लपवलेला डबा उघडण्याआधी हात पुसा, म्हणजे तेलाचा वास त्याला लागणार नाही. संत्र्याची सालं आणि केळ्याची सालंसुद्धा परत आणायची. ‘कुजून जाईल की’ हे कारण चालत नाही, कुजण्याआधी एखादा प्राणी वाटेवर खायला शिकतो.

आम्ही झुडपांत शिरलो की लोक संशयाने बघतात. कुणी हटकलं तर?

सरळ सांगा की आम्ही जिओकॅशिंग करतोय, आणि फोन दाखवा. या भागात खेळ बऱ्याच जणांना माहीत आहे. पोलिसांनी किंवा पार्कच्या रेंजरने विचारलं तरी हेच. थांबा, हात दिसतील असे ठेवा, शांतपणे खरं ते सांगा. या बाबतीत आपल्या लोकांना जरा जास्त धाकधूक वाटते आणि ती समजण्यासारखी आहे. म्हणून शाळा, खेळाचं मैदान, कुणाच्या घराला लागून असलेले डबे आम्ही सहलीत घेतच नाही. जंगल एवढं पडलं आहे.

एवढी माणसं जंगलात शिरल्याने नासधूस होत नाही का?

होते, काळजी घेतली नाही तर नक्की होते. हा प्रश्न कुणी विचारला की मला फार बरं वाटतं.

लोकप्रिय डब्याकडे वाटेवरून एक नवी चोरवाट पडलेली दिसते, आजूबाजूचं शेवाळं खरवडलेलं दिसतं. इथल्या जंगलात पडलेला ओंडका नुसतं लाकूड नसतो. त्याच्यावर हेमलॉकची बोटाएवढी रोपं रुजतात आणि वर्षानुवर्षं त्याच्यातूनच ओल घेत मोठी होतात. म्हाताऱ्या हेमलॉकची मुळं कधीकधी कमानीसारखी जमिनीवर दिसतात. ज्या ओंडक्यावर तो वाढला तो मधल्या काळात कुजून गेलेला असतो. डबा शोधताना असा ओंडका उलथवला की वर रुजलेलं सगळं मेलं. म्हणून आमचे नियम कडक आहेत: ओंडका हलवायचा नाही, साल सोलायची नाही, शेवाळं ओरबाडायचं नाही, डब्याच्या सर्वात जवळ येईपर्यंत वाट सोडायची नाही. जे उचललं ते त्याच बाजूने परत ठेवायचं. निघताना एकाने मागे वळून बघायचं की इथे कुणी आलं होतं हे कळतंय का. कळत असेल तर परत नीट करायचं.

प्रत्येक कुटुंबाने एक रिकामी पिशवी आणायची आणि परतताना वाटेवरचा कचरा भरून आणायचा. जगभरचे खेळाडू हे करतात, त्यासाठी खास सामूहिक सफाईचे दिवसही असतात.

एकदा मोठी सहल करायची आहे. कुठे जावं?

या खेळातली तीन नावाजलेली ठिकाणं आपल्या आवाक्यात आहेत, आणि लोक ती बघायला परदेशांतून येतात. पहिलं फ्रीमाँटचं मुख्यालय, तिथे भेटीची वेळ आधी ठरवावी लागते. दुसरं, स्नोक्वाल्मी खिंडीतल्या जुन्या रेल्वे बोगद्यापलीकडचा डबा. २००१ साली एका चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी जगभर जे मोजके डबे ठेवले, त्यांतला हा एक. २०११ मध्ये तो चोरीला गेला होता, काही वर्षांनी खेळाडूंच्या आग्रहाने पुन्हा सुरू झाला. हायक इथे गाडी लावायची आणि बोगद्यातून साडेतीन किलोमीटरहून जास्त काळोखात चालायचं. आत भर उन्हाळ्यात गारठा असतो, वरून पाणी ठिबकतं. प्रत्येकाकडे दिवा हवाच. १ नोव्हेंबर ते १ मे बोगदा बंद असतो, एरवीही निघण्याआधी उघडा आहे ना ते बघा. तिसरं, ओरेगनमधली पहिल्या बादलीची जागा: उत्तर ४५° १७.४६०, पश्चिम १२२° २४.८००. तिथे आता एक स्मृतिफलक आहे. काही मंडळी तिन्ही एका दिवसात उरकतात. लहान मुलं असतील तर ओरेगनसाठी वेगळा दिवस ठेवा, गर्दी नसली तरी एका बाजूचे साडेतीन तास लागतात.

आम्हाला स्वतःचा डबा लपवायचा आहे.

आधी भरपूर शोधा, मग लपवा. कुठले डबे टिकतात आणि कुठले महिन्यात भिजतात ते हातात घेऊनच कळतं. जमिनीच्या मालकाची परवानगी हवी. सरकारी जंगल असेल तर त्या खात्याचे नियम बघा, वॉशिंग्टनच्या स्टेट पार्कांत रीतसर परवाना लागतो. दुसऱ्या डब्यापासून निदान १६१ मीटर अंतर हवं. माहिती पाठवल्यावर एक स्वयंसेवक तपासतो आणि मगच डबा प्रसिद्ध होतो. डबा म्हणून रबराची कडा असलेला लष्करी काडतुसांचा लोखंडी डबा सर्वांत उत्तम, वरची लष्करी अक्षरं तेवढी रंगवून टाका. आणि दर काही महिन्यांनी तिथे जायची तयारी असेल तरच ठेवा.

सुट्टीत महाराष्ट्रात जाणार आहोत. तिकडे खेळता येईल?

शोधता येईल. डबे इथल्या मानाने फार थोडे आहेत, पण निघण्याआधी नकाशा बघून ठेवा. लपवण्याबाबत मात्र जपून. सुट्टीपुरतं जाऊन डबा ठेवून येता येत नाही, तिथे राहणारं कुणीतरी त्याची निगा राखणारं हवं. स्टेशन, देऊळ, बाजार अशा जागी बेवारस डबा दिसला की लोक घाबरतात आणि पोलीस येतात, ते योग्यच आहे. संरक्षित किल्ले आणि अभयारण्यांत तर नकोच.

त्यापेक्षा ‘अर्थकॅश’ करा. त्यात डबाच नसतो. भूगर्भाचं काही वैशिष्ट्य असलेल्या जागी जाऊन, निरीक्षण करून प्रश्नांची उत्तरं पाठवायची असतात. याला आपल्यासारखा मुलूख शोधून सापडणार नाही. बेसाल्टमध्ये उल्का आदळून झालेलं लोणार, अंधेरीच्या दाटीत उभा असलेला गिल्बर्ट हिलचा खडक, निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे. अशा जागी आधी कुणी अर्थकॅश नोंदवली आहे का ते बघा. नसेल तर मुलांना घेऊन जा, खळग्यांची खोली मोजा, आतले गोटे गुळगुळीत का झाले ते त्यांनाच शोधू द्या.

एक सूचना प्रवासाची. उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं काहीजण इथे जंगलात जवळ ठेवतात. भारतात उपग्रह फोनला आणि अशा यंत्रांना सरकारी परवानगी लागते, ती नसेल तर विमानतळावर अडवतात. ती इथेच घरी ठेवून जा.